बॅटरी बदलण्याआधी



संयोजकांनी सॉफ्टवेअरवर बोलायला सांगितलं होतं. ते तुमच्या घरची मुलं माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर मात्र दोघांनी एकच रडगाणं लिहिलं, की बाईकला नवी बॅटरी टाकली तरी महिन्याभरात सेल्फ घेईना. म्हणून मी आज मोटरसायकलच्या चार्जिंगवर बोलणार आहे.

माझ्या बाईकचं हेच झालं होतं. दोन वर्षांत तीन बॅटऱ्या. मग एका रात्री आंबा घाटात आधी हॉर्न घोगरा झाला, हेडलाइट पिवळा पडला आणि ऐन वळणावर इंजिन बंद. मागून ट्रक येत होता. ड्रायव्हरने वेळेवर पाहिलं, एवढंच. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंपही विजेवर चालतो, त्यामुळे बॅटरी पार उतरली की ढकलूनही उपयोग होत नाही. शिवाय १ एप्रिल २०१७ नंतरच्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत जळतोच, म्हणजे तो भार सतत आहे.

लागतो फक्त एक साधा मल्टिमीटर. आठवीत गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला की आपण टाळ्या वाजवायचो, त्याचाच हा भाऊ.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२ च्या आसपास असतील तर जवळजवळ रिकामी. मग गाडी सुरू करून रेस चार हजारांच्या आसपास धरायची आणि पुन्हा बॅटरीवरच मोजायचं. १३.८ ते १४.५ आले तर चार्जिंग ठीक, मग खरंच बॅटरीकडे बघा, किंवा गाडी बंद असताना वीज कुठे झिरपते ते शोधा. नंतर बसवलेले हॉर्न आणि मोबाइल चार्जर यात पटाईत. १५ च्या वर गेले तर आरआर युनिट बिघडलंय, ते बॅटरी उकळवून मारणार.

माझ्या गाडीत रेस वाढवूनही १२.३ च. म्हणजे वीज एकतर तयार होत नव्हती किंवा पोचत नव्हती. इथे गॅरेजवाले सरळ कॉइल प्लेट बदलायला सांगतात, आणि तो खर्च हजारांत जातो. त्याआधी प्लेटचा कपलर सोडवायचा. तीन वायरी असतात, बहुधा पिवळ्या. मीटर एसीवर ठेवून त्यांच्या तिन्ही जोड्या मोजायच्या. आकडे सारखे हवेत आणि रेसबरोबर चढायला हवेत. उघड्या टोकांना हात लावू नका, तिथे पन्नास-साठ व्होल्टही असतात. इंजिन बंद करून तिन्हींपैकी कुठलीही वायर बॉडीला लागलेली नाही ना, हेही बघायचं. माझी प्लेट निर्दोष निघाली.

मग कपलर पुन्हा जोडून, गाडी चालू ठेवून, आरआर युनिटमधून बाहेर पडणाऱ्या वायरीवर मोजलं. १४.३! युनिटच्या तोंडाशी १४.३ आणि हातभर अंतरावरच्या बॅटरीवर १२.३. दोन व्होल्ट वाटेत गायब. युनिट आपल्या तोंडाशी बघून समाधानी होतं. मीटरचं एक टोक तिथे आणि दुसरं बॅटरीच्या प्लसवर ठेवलं, तर तेच दोन व्होल्ट दिसले. निरोगी गाडीत तिथे एका व्होल्टचा लहानसा अंश दिसतो. वायर हाताने चाचपत गेले, तर सीटखालचा कपलर तपकिरी होऊन वितळला होता. आतली पिन सैल, त्यामुळे गरम, गरम म्हणून आणखी सैल. अशा गाडीत चौथी बॅटरीही मेलीच असती.

नवा कपलर आणि पिना मिळून शंभर रुपयेही लागले नाहीत. पिना दाबून घेतल्या, सोल्डर केल्या, आणि मीटर १४.२ वर जाऊन थांबला. त्यानंतर तीच बॅटरी तीन वर्षं चालली.

एक सांगायचं राहिलं. अर्थची वायरही अशीच मोजा, युनिटच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. गंज तिथे जास्त धरतो, विशेषतः आपल्या कोकणातल्या मंडळींच्या गाड्यांना.

ग्रुपवरच्या त्या दोघांच्या गाड्या बाहेर आंब्याखाली उभ्या दिसतात. मीटर माझ्या पर्समध्ये आहे. जेवणं झाली की या.