वर्ग भरण्याआधी एक फेरी

पुणे विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या मुलामुलींनी वर्ग भरण्यापूर्वी गणेशखिंडीचा तो परिसर एकदा पायी फिरून यावा. चारशे एकरांहून मोठी जागा, आणि मुख्य इमारत म्हणजे एके काळचे गव्हर्नरांचे निवासस्थान. तिचा उंच मनोरा पाहून खेड्यातून आलेले मूल बिचकते. म्हणून आधी आपला विभाग शोधावा, मग जयकर ग्रंथालय, आणि वसतिगृहाचे कार्यालय तर चुकवूच नये. प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळालीच असे नाही. तिचा अर्ज वेगळा. शिष्यवृत्तीची चौकशीही तेव्हाच उरकावी. १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाईंचे नाव आहे. १८४८ साली जोतिरावांसह मुलींची शाळा उघडणाऱ्या बाईंच्या अंगणात बिचकायचे कशाला?