आपल्या जिल्ह्याची बातमी कोण लिहिणार?

(नंदुरबार इथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



'जिल्ह्यातल्या कला आणि त्यांच्या बातम्या' असा विषय मला दिला, तेव्हा वाटलं की चुकीच्या माणसाला बोलावलं. मी कवी नाही, गायक नाही. सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, पुण्यात नोकरी करतो. पण माहिती साठवणं आणि ती पुन्हा सापडेल अशी ठेवणं, हे माझं रोजचं काम आहे. त्या बाजूने बोलतो.

इथे येताना बसमध्ये फोनवर आपल्या जिल्ह्याच्या बातम्या चाळल्या. कुपोषण, घाटातला अपघात, मिरचीचा भाव, बदल्या, निवडणूक. कलेची बातमी वर्षातून दोनदा येते. होळीला काठीच्या नर्तकांचा फोटो, आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत कोणत्या घोड्याला किती लाखांची बोली लागली ते. घोड्याचं नाव बातमीत असतं. नर्तकाचं नसतं. आणि आपण मुसलमान? आपण तणाव, बंदोबस्त आणि शांतता समिती एवढ्यापुरते.

2025 ची गोष्ट सांगतो. होळी 13 मार्चला होती आणि रमजान चालू होता. दुसऱ्या दिवशी जुमा आणि धुळवड एकत्र, म्हणून टीव्हीवर देशभर एकच चर्चा: आता काय होणार? त्या संध्याकाळी अक्कलकुव्यात इफ्तार करून मी मित्राच्या मोटारसायकलवर बसलो आणि देवगोई घाट चढून मोलगीमार्गे काठीला गेलो. खरं सांगायचं तर लाजेपोटी गेलो. ऑफिसमध्ये एकाने काठीचं रील दाखवून विचारलं होतं, "तुझ्याकडचं ना हे? कमरेला काय बांधलंय यांनी?" मला सांगता आलं नव्हतं.

काठी हे जुनं मेवासी संस्थान. तिथली होळी 1246 सालापासून चालत आली असं सांगतात. होळीचा उंच बांबू उभा करायला जो खड्डा लागतो, तो अवजाराने नाही, हाताने खणतात. आपल्याकडे होळी संध्याकाळी पेटते. तिथे रात्रभर ढोल आणि नाच चालतो आणि पहाटे होळी पेटते. कुणी बावा-बुध्या, कुणी मोरखी. अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला सुकलेले भोपळे आणि घुंगरं. ही नुसती वेशभूषा नसते. त्यामागे नवस असतो, आणि नवस करणारे ते दिवस 'पाळणी' पाळतात. खाटेवर बसत नाहीत, जमिनीवर झोपतात, ब्रह्मचर्य पाळतात.

पहाटे साडेपाचच्या सुमारास शेजारी टेकलेल्या एका नर्तकाने माझ्याकडे चहा सरकवला. मी म्हणालो, "आता नाही. सहरीची वेळ संपली, थेट संध्याकाळी." त्याने विचारलं, "तुझी पण पाळणी?" मी हो म्हणालो. "किती दिवस?" म्हटलं, महिनाभर. तो हसला. म्हणाला, "मग आमची बरी."

ही सलोख्याची गोड गोष्ट म्हणून सांगत नाही. पुढचं ऐका. घरी येऊन फोन पाहिला तर दीडशेच्या आसपास व्हिडिओ होते, आणि त्यातल्या एकाही माणसाचं नाव मला माहीत नव्हतं. ज्याने चहा पुढे केला, त्याचंही मी विचारलं नव्हतं. वर्तमानपत्राला नावं ठेवत होतो आणि मीही तेच करून आलो होतो.

शहादा परिसरातले भिल्ल कवी वाहरू सोनवणे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहेत? 1972 च्या सुमारास शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, त्या चळवळीतले हे कार्यकर्ते. 'गोधड' हा त्यांचा कवितासंग्रह. त्यांची 'स्टेज' नावाची एक कविता आहे. ज्यांचं दुःख आहे ते खाली बसलेले आणि त्यांचं दुःख त्यांनाच सांगणारे दुसरेच कुणी वर, असा तिचा विषय. जरूर मिळवून वाचा. मुसलमान तरुणाला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आपल्याबद्दलच्या चर्चेत आपणच नसतो, हा अनुभव आपल्याला रोजचा आहे. मग आपण कॅमेरा घेऊन सातपुड्यात गेलो, तर वागणार कसे? माझ्या पहिल्या खेपेला मी स्टेजवर चढून बसलो होतो.

त्याच खेपेला आणखी एक गोष्ट लक्षात आली. होळीआधी धडगाव, मोलगीकडे भोंगऱ्याचे बाजार भरतात. तिथे बांगड्या विकणारे एक चाचा मला भेटले. आयुष्यभर डोंगरातले बाजार केलेले. गिऱ्हाइकाशी त्याच्याच बोलीत बोलतात. एका गावाची होळी आज, पुढच्या गावाची दुसऱ्या दिवशी, हा क्रम त्यांना पाठ. यंदा कोणत्या गावचा ढोल येणार आणि कोणत्या गावचा म्हातारा वादक वारला, हेही त्यांना ठाऊक. जिल्ह्याच्या कलेचा इतका जाणकार बातमीदार आपल्याच मोहल्ल्यात राहतो, आणि आपण त्याला बांगड्यांच्या भावापलीकडे काही विचारत नाही. जिल्ह्यात जवळपास 70 टक्के लोक आदिवासी आहेत. त्यांच्याशी आपला बाजाराचा संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, पण तो गल्ल्यापाशी थांबलाय.

आता घरातलं. माझ्या नानीला लग्नातली, हळदीची गाणी यायची. अर्धी उर्दू, अर्धी अहिराणी. जावयाची टिंगल, विहिणीला टोमणे, आणि पाठवणीच्या वेळी सगळ्यांना रडवणारं एक. मग घरात कुणीतरी सांगितलं की हे बरोबर नाही, आणि ती गायची थांबली. पुढे ती वारली. माझ्याकडे तिच्या आवाजाची एक ओळही नाही. त्याच वर्षांत मी पुण्यात कंपनीच्या सर्व्हरचा रोज रात्री बॅकअप घेत होतो.

मला माहीत आहे, इथे काहींच्या मनात प्रश्न आहे. गाणंबजावणं, होळी, यात्रा. आपण यात का पडायचं? ज्या अक्कलकुवा तालुक्यात काठी आहे, त्याच तालुक्याच्या गावी देशभरातली मुलं दीनी तालीम घ्यायला येतात ती जामिया आहे. संगीताबद्दल आपल्यात जुने मतभेद आहेत आणि ते मिटवण्याची माझी पात्रता नाही. ज्याला जिथे थांबावंसं वाटतं त्याने तिथे थांबावं. मी होळीची पूजा केली नाही, कुणी कर म्हणालंही नाही. पण शेजाऱ्याची गोष्ट नीट ऐकून, खरी लिहून ठेवायला कुठे अडतं?

दुसरी बाजूही आहे. मराठीत गाणारे, लिहिणारे मुसलमान हे काही आजचं नाही. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद, पेशवाईतले शाहीर सगनभाऊ, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सभा पेटवणारे शाहीर अमर शेख, ही आपलीच परंपरा. संविधानाचं कलम 29 आपली भाषा आणि संस्कृती जपण्याचा हक्क देतं. तो आपण सगळ्यांना माहीत आहे. पण 1976 मध्ये आलेलं कलम 51 क, देशाच्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य मानतं. नानीच्या गाण्याला पहिलं कलम लागू होतं, काठीच्या ढोलाला दुसरं. एकाचंच नाव घेऊन चालणार नाही.

मग करायचं काय? माझ्या धंद्यातलं साधं काम सुचवतो.

पहिलं, जिल्ह्याचं कलेचं कॅलेंडर. हे वाटतं तितकं सोपं नाही. काठीची होळी फाल्गुन पौर्णिमेला, सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला. आपले उरूस हिजरी तारखेने, म्हणजे दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. डोंगरातल्या गावांच्या होळ्या तर गावाच्या ठरलेल्या क्रमाने. हे एका पानावर आणायचं, तर पंचांग, हिजरी कॅलेंडर आणि ते बांगडीवाले चाचा, तिघांनाही विचारावं लागेल. कोणतंही ॲप हे आयतं देणार नाही.

दुसरं, एक साधा तक्ता. गाव आणि तारीख. कलेचं नाव, तिथले लोक म्हणतात तेच. बोली कोणती. कलाकाराचं नाव, त्याने परवानगी दिली असेल तरच. आणि शेवटचा रकाना: त्याला किती मोबदला मिळाला. हा रकाना कुणी भरत नाही, आणि खरी बातमी अनेकदा तिथेच असते. रील दोन दिवसांत खाली जातं. नाव, गाव, तारीख नसलेला व्हिडिओ पाच वर्षांनी कुणालाच उपयोगी पडत नाही, तुम्हालाही नाही.

तिसरं, घेतलेलं परत द्यायचं. रेकॉर्डिंगची प्रत कलाकाराला किंवा गावाला पोचली पाहिजे. तोपर्यंत काम अर्धवट समजा. आणि आदिवासी मुलंमुली स्वतः हे काम करत असतील तर आपण मागे उभं राहायचं, तांत्रिक मदत करायची. स्टेज त्यांचं आहे.

चौथं, घरच्यासाठी. प्रत्येकाने एका म्हातारीचं एक गाणं. अम्मी, खाला, नानी, दादी, जी असेल ती. आधी विचारा. नाही म्हणाली तर तिचा शब्द पाळा, निदान शब्द लिहून घेऊ का ते विचारा. यात मुलींनी पुढे यावं, कारण त्या मैफलीत आम्हा पुरुषांना जागाच नसते.

सहा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातून दोघं मिळाले तरी बारा जण होतात. सुरुवातीला एवढे पुरे. नावं आजच लिहून द्या. तक्ता मी करून ठेवलाय.

येत्या होळीला मी पुन्हा काठीला जाणार आहे. ज्याने चहा दिला होता तो भेटलाच, तर आधी त्याचं नाव विचारेन. फोन नंतर काढेन.