फ्रेमीचा शोध



खासबागेच्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर उभे राहून कुस्तीऐवजी सायकलीवर बोलणे, हे कोणास धाडसाचे वाटेल. परंतु आमच्या मंगळवार पेठेतील काही तरुणांना सध्या एका गोष्टीचा ध्यास लागला आहे. ट्रॅकवरील शर्यतीची जुनी पोलादी फ्रेम त्यांना हवी आहे, आणि त्यांच्यासंगे आम्हीही भंगाराच्या ढिगांतून हिंडतो आहोत.

ही सायकल आपल्या रोजच्या सायकलीसारखी नव्हे. तिला फ्री-व्हील नसते. चाक फिरते तोवर पायडल फिरायचेच. ब्रेकही नसतो, वेग आवरायचा तो पायांनी. म्हणून अस्सल फ्रेमीला सहसा ब्रेकचे भोक नसते. मागच्या चाकाच्या खाचा मागील बाजूस उघडतात, म्हणजे चाक सरकवून साखळी ताणता येते. त्या दोन खाचांमधील अंतर बहुधा 120 मिलिमीटर असते. भोक दिसले, की ती फ्रेम रस्त्याची असण्याचा संभव अधिक.

मग तिचे कूळ कसे ओळखावे? रंग आणि नावाची पट्टी यांवर विश्वास ठेवू नये; ती कोणीही चिकटवील. क्रँकचा आस ज्या नळीत बसतो तिचे आटे पाहावेत. इंग्लिश पद्धतीत साखळीच्या बाजूचे आटे उलटे असतात, इटालियन पद्धतीत दोन्हीकडचे सुलटे. जपानात 1948 साली कोकुरा येथे केरिन शर्यती सुरू झाल्या; तेथील मान्यताप्राप्त कारागिरांच्या फ्रेमींवर ‘एनजेएस’ असा ठसा असतो. सरतेशेवटी रंगाखाली, नळ्यांच्या सांध्यांपाशी, केसाएवढी चीर आहे का ते पाहावे. दुर्मिळपणाच्या मोहात चिरलेली फ्रेम पोराच्या हाती देणे म्हणजे त्याची मान पणास लावणे होय.

पण असल्या फ्रेमी आपल्याकडे इतक्या विरळ का? 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हर्न हिलच्या धावपट्टीवर भारताचे सायकलपटूही उतरले होते. तेव्हा हौस नव्हती असे नाही. नव्हत्या त्या धावपट्ट्या. शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधले, ते 1912 साली पुरे झाले, आणि मैदान झाले म्हणून पैलवानांना आखाड्यातून बाहेर पडून हजारोंसमोर लढता आले. सायकलीच्या पोराला मात्र कलत्या धावपट्टीसाठी पुण्याजवळ बालेवाडीला जावे लागते. जेथे धावायला जागा नाही, तेथे फ्रेम कोण आणणार आणि कोण जपणार?

शिवाय मुलाचे वय आपल्या शोधासाठी थांबत नाही. सोळाव्या वर्षी जी फ्रेम अंगाला बसते ती अठराव्या वर्षी आखूड पडते. तेव्हा आमचे म्हणणे एवढेच, की जुनी फ्रेम सापडली तर तिला भिंतीवर टांगू नका. तिची मापे घ्या, कोन मोजा, उद्यमनगरातल्या जाणत्या कारागिराला दाखवा. ज्या गावाने शेतीची इंजिने घडविली, त्याला पोलादाच्या आठ-दहा नळ्या नीट सांधणे अशक्य नाही. तरीही ती नळी आणि तो सांधा कसास उतरल्याखेरीज कोणी तिच्यावर बसू नये.

शोध जरूर करावा. पण तो एका वस्तूपाशी संपू नये. उद्याच्या पोराला भंगार चाळावे लागणार नाही, अशी सोय करणे हे आपणा सर्वांचे काम आहे.