घोरण्याची लाज कशाला?

रोज गोळी घेऊनही बीपी उतरत नसेल, तर घरच्यांना विचारा, ‘झोपेत घोरता घोरता माझा श्वास थांबतो का?’

घसा आतून मिटतो, श्वास १० सेकंद किंवा जास्त अडतो, जीव दचकून जागा होतो. त्यानं बीपी चढतो. हाच स्लीप अ‍ॅप्निया. संगीतकार बप्पी लाहिरी २०२२ मध्ये याच आजारानं गेले, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

सीपॅप यंत्र मास्कमधून दाबानं हवा देऊन घसा उघडा ठेवतं. रोज रात्री लावलं, तर बीपी सरासरी २-३ अंकांनी उतरतो. म्हणून गोळी सोडू नका.

आपण बाया घोरणं लपवतो. डॉक्टरांपाशी लपवू नका. शेजारी झोपणाऱ्या लेकीला, सुनेला सोबत न्या. तिनं पाहिलेलं तिलाच सांगू द्या.