ड्रेन बोल्टचे आटे गेले? थांबा, एमसील लावू नका!

आज माझ्याच चुकीची गोष्ट. घरी बाईकचं ऑइल बदललं आणि ड्रेन बोल्ट 'अजून थोडा' म्हणत पान्यावर जोर दिला. बोल्ट गरगर फिरायला लागला. आटे गेले! बोल्ट स्टीलचा, चेंबर ॲल्युमिनियमचं. झिजणार ते चेंबरच.

एकजण म्हणाला, एमसील लाव. नका लावू. बोल्ट रस्त्यात निसटला तर ऑइल मागच्या टायरवर येऊ शकतं, आणि ऑइलशिवाय इंजिन जाम होतं.

पक्का उपाय म्हणजे हेलिकॉइल. जुने आटे ड्रिलने काढायचे, किटमधल्या टॅपने नवे पाडायचे, त्यात स्टीलच्या तारेची स्प्रिंग फिरवून बसवायची. मूळ मापाचाच बोल्ट परत चालतो. टॅपला ग्रीस लावा, बुरा त्यालाच चिकटतो. स्प्रिंगचं टोक तोडताना ते आत पडू देऊ नका. शेवटी थोडं ऑइल वरून ओतून खालून वाहू द्या, म्हणजे उरलेला बुरा निघतो. ड्रिल तिरकं गेलं तर खेळ खल्लास. हात बसला नसेल तर सरळ लेथवाल्याकडे जा.

पुढच्या वेळी वॉशर नवा, बोल्ट आधी बोटांनी फिरवा, मग टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच आवळा. आकडा आला की हात थांबवा. भेटू पुढच्या भागात!