कण्याचा हिशेब



सांगाड्यावर बोलायला डॉक्टर सोडून मला उभे केले, याचे आपणांस नवल वाटेल. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु तीस वर्षे हमालांच्या संघटनेत काढली. हाडांची ओळख पुस्तकाआधी त्यांच्या पाठींनी करून दिली.

प्रौढ माणसाच्या शरीरात सर्वसाधारणपणे २०६ हाडे असतात. त्यांतली १०६ तर मनगटांखाली आणि घोट्यांखालीच आहेत. धडाचा भार मात्र कण्यावर. मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ सुटे मणके एकावर एक बसलेले. खाली त्रिकास्थी आणि माकडहाड. देवळापुढची दीपमाळ जशी बुडाशी रुंद, तसेच कमरेचे मणके सर्वांत मोठे, कारण वरचे सारे ओझे त्यांच्यावर येते.

मणक्यामणक्यांत एक गादी असते. कडेने चिवट, आत मऊ. गंमत अशी, की मोठ्या माणसाच्या या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. मग तिचे पोषण कसे व्हावे? भार पडला की तिच्यातले पाणी पिळून निघते. माणूस आडवा झाला की ती ते पुन्हा शोषून घेते. म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर उंच असतो!

हे मला उशिरा कळले. माझा पहिला करार झाला तेव्हा पोत्यामागे दर वाढवून घेतला. लोकांनी हार घातले. पोती १०० किलोंची. वाढीव दरापायी माणसे जास्त फेऱ्या करू लागली, दुपारची विश्रांती सुटली. ज्याने पहिला हार घातला, तोच दोन वर्षांत कमरेतून वाकला. म्हणाला, "भाऊ, दर वाढवलात, पण पाठ कुणाच्या हिशेबात धरलीत?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच पुरुषाने उचलायच्या ओझ्याला ५५ किलोंची मर्यादा सुचवली होती. मी ती वाचली नव्हती. त्यानंतरच्या प्रत्येक करारात दराच्या आधी पोत्याचे वजन आणि विश्रांतीची वेळ लिहून घेतली.

आपल्या दारी कुणी पोते उतरवून क्षणभर टेकला, तर त्याला घाई करू नका. तेवढ्या वेळात त्याचा कणा दोन घास खात असतो.