घरातील यंत्रे व त्यांची मालकी



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेची सुरुवात केली, त्या काळी देशी उद्योगधंदे कसे उभे राहतील ही जाणत्या माणसांची मोठी चिंता होती. आज दीडशे वर्षांनंतर त्याच परंपरेतल्या एका व्यासपीठावरून आम्ही तो धागा थोडा पुढे नेणार आहोत. खिशातला मोबाइल, घरातला टीव्ही, फ्रिज, कपडे धुण्याचे यंत्र आणि ही यंत्रे बनविणाऱ्या कंपन्या, हा आजचा आमचा विषय आहे.

कामगार चळवळीतला माणूस यंत्रांवर बोलावयास उभा राहिला, की तो यंत्रांना शिव्याशाप देणार असा श्रोत्यांचा समज होतो. तो समज आधीच दूर करतो. आम्हांस यंत्रांची मनापासून हौस आहे. नवे यंत्र हाती आले, की त्याचे झाकण काढून आत काय आहे हे पाहिल्यावाचून आम्हांस चैन पडत नाही. आमचे पुष्कळसे शिक्षणही याच मार्गाने झाले आहे. पण अलीकडे अडचण अशी झाली आहे, की झाकणच निघत नाही. म्हणून आम्ही आपणांपुढे एक साधा प्रश्न ठेवतो. ज्या वस्तूची पुरी किंमत आपण मोजली, ती उघडण्याची, दुरुस्त करण्याची व चालेल तितकी वर्षे वापरण्याची मोकळीक जर आपणांस नसेल, तर ती वस्तू आपली की कंपनीची?

या प्रश्नाचा विचार करावयास दूर जाण्याचे कारण नाही. आपला सातारा आणि शेजारचा सांगली हे जिल्हे यंत्रांच्या बाबतीत मागासलेले कधीच नव्हते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावी लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे तो लवकर खपेना. पुढे १९१० साली औंधच्या अधिपतींनी जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. कराडजवळ ओगलेवाडीस ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला आणि तेथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचला. साताऱ्यास धनजीशा कूपर यांनी इंजिने केली. पुढे साताऱ्यातच महाराष्ट्र स्कूटर्सची ‘प्रिया’ तयार होऊ लागली. ती सकाळी चालू होईना, तेव्हा तिला एका अंगावर आडवी करून मग किक मारणारे सद्गृहस्थ या सभेतही बसले असतील!

या कारखानदारांच्या आरत्या ओवाळण्याकरिता आम्ही येथे आलो नाही. तेही नफ्यासाठीच धंदा करीत होते. पण त्यांच्या मालात एक गुण होता. नांगराचा फाळ झिजला तर फाळ बदलावा, नांगर नव्हे. कंदिलाची काच फुटली तर काच आणावी, वात जळून संपली तर वात आणावी, कंदील तोच. प्रियाचा पाना-पक्कड जाणणारा मेकॅनिक गावात एकतरी असेच. वस्तू विकली, की कंपनीची तिच्यावरची मालकी संपे आणि गावाची सुरू होई.

हे कंपन्यांना कायम मानवले असते तर प्रश्नच नव्हता. पण टिकाऊ वस्तू विकणाराला एक पेच असतो. वस्तू जितकी टिकेल तितके गिऱ्हाईक उशिरा परत येईल. या पेचातून काढलेली एक वाट इतिहासात नमूद आहे. १९२४ साली जिनिव्हा येथे ओसराम, फिलिप्स आदी विजेचे दिवे करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी आपसांत करार केला. दीड-दोन हजार तास जळणारा दिवा यापुढे हजार तासच जळावा असे त्यांनी ठरविले. दिवे तपासले जात आणि ज्या कारखान्याचा दिवा ठरल्याहून अधिक जळे त्याला दंड होई! चांगला माल केल्याबद्दल दंड घेणारी ही व्यवस्था दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत टिकली.

आता खिशातल्या मोबाइलकडे या. त्याची बॅटरी म्हणजे कंदिलाची वातच. लिथियमची बॅटरी ही रासायनिक वस्तू आहे. साधारण पाचशे-हजार वेळा पुरी भरून रिकामी झाली, की तिची धारणा घटते. हा कुणाचा दोष नव्हे, तो पदार्थाचा धर्म आहे. पूर्वी मोबाइलचे मागचे झाकण नखाने उचलून पाच मिनिटांत बॅटरी बदलता येत असे. आज बहुतेक मोबाइलांत ती डिंकासारख्या द्रव्याने आत चिकटविलेली असते. वात कंदिलात चिकटवून टाकावी आणि ती जळाली की नवा कंदील घ्या म्हणावे, असा हा प्रकार आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये ॲपल कंपनीने कबूल केले, की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनांचा वेग ती आपल्या प्रणालीद्वारे कमी करते. फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसे केले, असे कंपनीचे म्हणणे होते आणि त्यात तांत्रिक तथ्य होते. पण ही गोष्ट गिऱ्हाइकाला कुणी सांगितली नव्हती. फोन मंद झाला म्हणून लोक नवा घेत होते. वास्तविक नवी बॅटरी घातली असती तरी काम भागले असते. या न सांगण्याबद्दलच फ्रान्समध्ये २०२० साली कंपनीला अडीच कोटी युरो दंड झाला. त्याआधी २०१८ मध्ये इटलीने ॲपल आणि सॅमसंग या दोघांनाही जुने फोन मंद करणाऱ्या सुधारणांबद्दल दंड केला होता. दुसरी युक्ती याहून बारीक आहे. काही यंत्रांत प्रत्येक सुट्या भागाला क्रमांक असतो. भाग अस्सल असला, पण कंपनीच्या संमतीवाचून बसविला, तर यंत्र त्याला ओळखच दाखवीत नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्या म्हणतात, चिकटविल्यामुळे फोन पातळ होतो, पाणी आत शिरत नाही, अडाणी हाताने बॅटरी भोसकली तर आग लागेल. यांतले एकही म्हणणे खोटे नाही. पण मग दुरुस्तीची पुस्तिका, अस्सल भाग आणि शिक्षण गावच्या कारागिराला द्या. म्हणजे तो हात अडाणी राहणार नाही. ते न देता त्यालाच अडाणी म्हणावयाचे, हे काही न्यायाचे नव्हे.

कुणी म्हणेल, फोन ही चैनीची वस्तू; तिच्यासाठी एवढा खल कशाला? जावळीच्या खोऱ्यात हे विचारू नये. घरचा कर्ता मुंबईस आणि बाकीचे घर येथे, ही आपल्याकडची जुनी रीत. पूर्वी त्याची मनिऑर्डर येई, आता पैसे मोबाइलवर येतात. सातबाऱ्यावर पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करावयाची, ही ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात सुरू झाली. म्हणजे मोबाइल आता खुरप्याइतकाच कामाचा झाला. खुरपे लोहाराकडे शेवटता येते. मोबाइल शेवटावयाचा कुणाकडे?

याचा सर्वांत बोलका दाखला महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी घालून दिला आहे. शासनाने त्यांना २०१९ साली कामासाठी मोबाइल दिले. २०२१ मध्ये केंद्राने ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आणले. मुलांची वजने, उंची, आहार, सारे त्यात भरावयाचे. फोनची स्मरणशक्ती अवघी दोन जीबी. ॲप वाढले, फोन तेवढाच राहिला. तो तापू लागला, मध्येच अडू लागला. हमीची मुदत संपलेली, दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांवर, ॲपची भाषा इंग्रजी. तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर हजारो सेविकांनी हे मोबाइल बालविकास प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही नव्या मोबाइलची मागणी होतीच.

बंधुभगिनींनो, या आंदोलनाचे महत्त्व आम्हांस फार वाटते. या बायका यंत्राला भ्यालेल्या नव्हत्या. ते रोज हाताळीत होत्या, म्हणून त्याचे दोष त्यांना नेमके ठाऊक होते. वर्तमानपत्रांत नव्या मोबाइलची परीक्षणे येतात. फोन हाती येऊन आठवडाही झालेला नसतो, आणि कॅमेरा किती सुंदर, पडदा किती झळझळीत, याचे वर्णन असते. यंत्राची खरी परीक्षा पहिल्या आठवड्यात होत नाही, तिसऱ्या वर्षी होते. आणि ती घेणारा परीक्षक म्हणजे अंगणवाडीची सेविका किंवा बाजारपेठेतल्या टपरीत भिंग लावून बसलेला दुरुस्तीवाला. त्याचे मत कंपनीने कधी विचारले आहे काय?

ज्यांचे मत विचारले जात नाही अशा माणसांची दुसरी रांग कारखान्याच्या आत उभी आहे. तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूर येथे नोकियाचा मोबाइलचा भव्य कारखाना होता. १ नोव्हेंबर २०१४ पासून तेथले उत्पादन बंद झाले आणि हजारो तरुण घरी बसले. त्याच गावी सॅमसंगच्या कारखान्यात टीव्ही, फ्रिज, कपडे धुण्याची यंत्रे तयार होतात. तेथील कामगारांनी ९ सप्टेंबर २०२४ पासून ३७ दिवस संप केला. मुख्य मागणी पगाराची नव्हती. आमच्या संघटनेला मान्यता द्या, एवढीच होती. कामगार संघटनेचा कायदा देशात १९२६ पासून होता. तरी नोंदणी हाती पडावयास जानेवारी २०२५ उजाडला. वस्तू बनविणाराने तोंड उघडू नये आणि घेणाराने झाकण उघडू नये, या दोन अपेक्षा एकाच जातीच्या आहेत, असे आमचे मत आहे.

मग आपण करावयाचे काय? पहिली गोष्ट, दुकानात पैसे मोजण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे: याची बॅटरी कोण बदलून देईल व कितीला? सुटे भाग किती वर्षे मिळतील? याला सुधारणा किती वर्षे येत राहतील? उत्तर तोंडी न घेता पावतीवर मागावे. दुकानदार आज हसेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की तो हे प्रश्न घाऊक व्यापाऱ्याला विचारू लागेल.

दुसरी गोष्ट, एकट्याने भांडू नये. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत काढली ती याच जाणिवेतून. ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ मध्ये आला, २०१९ मध्ये नवा झाला. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे व वाहने यांच्या दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी तेथे द्यावी असा हेतू आहे. फ्रान्सने तर २०२१ पासून, काही वस्तू किती दुरुस्त होऊ शकतात याचे दहापैकी गुण त्यांच्या किमतीशेजारी छापणे सक्तीचे केले. संकेतस्थळापुढे मजल जावयाची असेल तर ती सक्ती आपणांस मागून घ्यावी लागेल. मागितल्याविना कामगाराला काही मिळाले नाही. गिऱ्हाइकाला मिळेल असे समजण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट, आपल्या गावच्या दुरुस्तीवाल्याला जपावे. शंभर रुपये वाचविण्यासाठी त्याच्याशी हुज्जत घालावयाची आणि कंपनी सांगेल ती किंमत निमूट मोजावयाची, ही आपली सवय सोडली पाहिजे. तो कारागीर उठून गेला, तर हातातली यंत्रे कितीही नवी असोत, त्यांवर आपला ताबा राहणार नाही.

यंत्रे येत राहतील आणि ती यावीत. आमचे म्हणणे इतकेच, की त्यांनी घरात यावयाचे ते घरच्या माणसांच्या ताब्यात.